पाखरं वर गेली

पिंपळवंडीच्या स्टँडवर उतरून कुणी धर्माजी काकड्यांचं घर विचारलं, तर समोरचा माणूस आधी हसून घेतो आणि मग विचारतो, "कंचे? गोधडीवाले का?" गावात दुसरे धर्माजी काकडे नाहीत. तरीही हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी रस्ता दाखवत नाही, कारण फुकटात मिळणारं हसू सोडून द्यावं इतकं आमचं गाव उदार नाही.

गोधडीची हकिकत चौतीस वर्षांपूर्वीची. फाल्गुन तोंडावर आला होता, रात्री अजून गारठा होता. धर्माजींच्या खळ्यावर ज्वारीची मळणी झालेली, रास उफणायची राहिलेली. धर्माजी घरी भाकरीला गेले होते. खळ्यावर त्यांची बायको ठमाबाई राखणीला, आणि राशीवर पांघरलेली एक गोधडी. ती साधी गोधडी नव्हती. धर्माजींच्या आईनं एक अख्खा पावसाळा बसून ती शिवली होती आणि मधोमध धर्माजींच्या वडिलांच्या लाल पागोट्याचं ठिगळ लावलं होतं. म्हातारी त्या गोधडीला सुनेपेक्षा जास्त जपायची, हे सुनेलाही ठाऊक होतं. धर्माजी भाकरी खाऊन परत निघाले, तेव्हा त्यांना लांबूनच खळ्यावरून गरगरत जाणारी वावटळ दिसली, भुसानं पिवळीधमक झालेली. खळ्यावर पोचले तर गोधडी नाही. ठमाबाई म्हणाल्या, "वावटळीनं नेली की वो!"

इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. पण पंधरा दिवसांनी धर्माजी साडूच्या पोराच्या बारशाला निरगुडसरला गेले, आणि बघतात तर साडूच्या दारात, दोरीवर, तीच गोधडी वाळत घातलेली. लाल पागोट्यासकट. त्यांनी मेहुणीला, सखीला, विचारलं. मेहुणी जराशी गोरीमोरी झाली आणि म्हणाली, "दाजी, सकाळी उठून बघते तर बाभळीवर अडकल्याली! मी म्हटलं, द्येवानंच धाडली बाळासाठी." देवानं धाडलेली गोधडी बाळाच्या अंगावरून काढून आणणं धर्माजींना जमलं नाही. ते तसेच परत आले आणि स्टँडवर फतेचंदशेठच्या दुकानापुढं त्यांनी ही हकिकत शपथेवर सांगितली. पिंपळवंडीहून निरगुडसर म्हणजे मध्ये अख्खं नारायणगाव आणि वर तालुक्याची हद्द. फतेचंदशेठनी गुळाची ढेप फोडता फोडता विचारलं, "नारायणगावच्या स्टँडवर उतरली असंल ना गोधडी? का थेट जीप मिळाली?" झालं. त्या दिवशी धर्माजींचं बारसं दुसऱ्यांदा झालं.

वाईट एवढंच की त्याआधी वाऱ्याच्या बाबतीत धर्माजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ होती. उफणणीच्या दिवसांत लोक त्यांना बोलवायला यायचे. खळ्यावर तिवई मांडायची, तीवर चढायचं, धान्यानं भरलेली पाटी डोक्यावर धरायची आणि सोडायची. दाणा पायाशी पडतो, भूस वारा घेऊन जातो. पण वारा असला तर! वारा पडला की दहा माणसं दोन-दोन दिवस आभाळाकडं तोंड करून बसायची. धर्माजी तेवढे चिमूटभर भूस बोटांतून सोडून बघायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "बिड्या इझवा. पाव घटकेत येतोय." आणि वारा यायचा. मग मळणीयंत्र आलं, स्वतःचा पंखा घेऊन आलं, आणि धर्माजींच्या नाकाला काम उरलं नाही. राहिली फक्त गोधडी.

एकदा नाव पडलं की माणसाचं खरंही खोटं ठरतं. धर्माजी म्हणाले, "सांजच्याला पाऊस हाय," की शेजारणी मुद्दाम पापड वाळत घालायच्या. पापड भिजायचे, पण त्याचाही दोष धर्माजींनाच. चौतीस वर्षं हे चाललं. धर्माजी एकाहत्तर वर्षांचे झाले. आयुष्यात एकदा तरी आपण बोलावं आणि समोरच्यानं न हसता ऐकून घ्यावं, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात राहिली होती.

अशात गेल्या साली दिवाळीच्या आधी वृषाली नावाची एक मुलगी पुण्याहून गावात आली. फुलपाखरांचा अभ्यास करणारी. पाऊस सरला की काळपट पंखांवर निळसर ठिपके असलेली फुलपाखरं हजारोंनी देशावरून घाटाकडं जातात. ती वाऱ्याचा आणि तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेचा फायदा कसा घेतात, हे तिला आणि तिच्या रामनाथ सरांना शोधायचं होतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मिळून सहा ठिकाणी सहा माणसं बसवायची होती. पिंपळवंडीला माणूस शोधत ती बांधावरून चालली होती, तेव्हा तिला एक म्हातारा चिमटीतून बाजरीचं भूस सोडताना दिसला.

"काका, काय करताय?"

"वारा बघतोय. आत्ता पडलाय. तुमी त्या आंब्यापतूर जास्तोवर सुटंल."

वृषाली आंब्यापर्यंत गेली. वारा सुटला आणि तिची टोपी गेली. टोपी घेऊन ती परत आली आणि म्हणाली, "काका, माझ्यासाठी काम कराल का?"

चौतीस वर्षांत धर्माजींना वाऱ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मुंडाशानं डोळे पुसले आणि वर, कचरा गेला म्हणून सांगितलं.

तिनं त्यांना घडीची खुर्ची दिली, दुर्बीण दिली, अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढं सरकतो असा एक खटका दिला, आणि काठीला बांधायला लाल फीत दिली. फितीवरून म्हणे वारा कळतो. धर्माजींनी फीत घेतली, पण ती खुर्चीच्या पायाला गुंडाळली. वाऱ्याला लाल रंग दाखवायला तो काय बैल आहे? त्यांचं चिमूटभर भूस त्यांना पुरे होतं. शेवटी तिनं छापील कागदांचा गठ्ठा दिला. रकाने पाच: वेळ, वारा, संख्या, दिशा, शेरा. "जे दिसेल तेच लिहायचं, काका. तुमच्या शब्दांत." ते रोज भरायचे आणि मुलानं, संपतनं, त्यांचे फोटो काढून फोनवरून पाठवायचे.

दुसऱ्या दिवसापासून धर्माजी टेकडीखालच्या माळावर बसू लागले. आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ही पाखरं आपल्याच धंद्यातली आहेत.

सकाळी सातला ती खाली असायची. बांधाच्या आडोशानं, कंबरेएवढ्या उंचीवरून, पंख मारत मारत, सगळी एकाच दिशेला, घाटाकडं. एकही चुकून नारायणगावकडं वळत नव्हतं. वारा उलटा फिरला की ती करंजाच्या झाडात शिरून गप बसायची, वारा पाठीशी आला की निघायची. 'शहाणी हायेत,' धर्माजी मनात म्हणाले. 'वाऱ्याशी भांडत न्हाईत.' मग अकराच्या सुमाराला टेकडीचा काळा कातळ तापला की निराळीच गंमत व्हायची. कातळावर आलेलं पाखरू पंख मारणं सोडून द्यायचं. पंख नुसते ताणून धरायचे आणि गोल गोल फिरत चढायचं, चढायचं, ठिपका होईपर्यंत चढायचं. तिथून तसंच, पंख न हलवता, घसरत घाटाकडं निघून जायचं. पुढं दुसरा कातळ, दुसरी चढण.

धर्माजींनी हे पाहिलं आणि दुर्बीण खाली घेतली. खळ्यावर भर दुपारी उफणायला घेतलं की हेच व्हायचं. भूस पुढं पडायचं सोडून डोक्यावर गोल फिरायला लागायचं आणि आभाळात जायचं. अशा वेळी पाटी खाली ठेवायची असते, हे त्यांना बापानं शिकवलं होतं. त्या चढत्या हवेनं त्यांच्या किती दुपारी वाया घालवल्या होत्या! आणि हे पोरासोरांच्या बोटाएवढं पाखरू तिच्यावरच बसून प्रवास करत होतं. फुकट! त्यांनी खटका दाबायचा सोडून तोंडाचा आ करून बघितलं, आणि मग प्रामाणिकपणे शेऱ्यात लिहिलं, 'अकरा वाजता उफणली. मोजायची राहिली. चूक माझी.'

गावाला अर्थातच आयतं सापडलं. फतेचंदशेठच्या दुकानापुढं रोज पाखरांची चौकशी व्हायची. "धर्माजी, आज किती गेली? सगळ्यांची आधार कार्डं बघितली का?" त्यात एकदा घोळ झाला. या पाखरांना वृषालीच्या भाषेत टायगर म्हणतात. धर्माजी स्टँडवर उभं राहून फोनवर मोठ्यानं सांगत होते, "ताई, आज लई टायगर! सकाळच्याला दीडशे मोजलं. एक तर माझ्या मुंडाशावरच बसलं व्हतं!" बिबट्यानं आधीच जेरीस आलेल्या तालुक्यात हे वाक्य कुणी मोठ्यानं बोलू नये. स्टँड रिकामा झाला. दोघांनी वनखात्याला फोन लावला. खुलासा झाल्यावर फतेचंदशेठ म्हणाले, "आधी गोधडी उडवली, आता वाघ उडवतोय. पुढच्या साली हत्ती."

धर्माजींनी मनावर घेतलं नाही. त्यांच्यापाशी छापील कागद होता, आणि पुण्यात कुणीतरी तो न हसता वाचत होतं.

पुण्यात वाचणारं हसत नव्हतं हे खरं, पण तिथं वेगळंच शिजत होतं. तीन आठवड्यांनी वृषालीचा फोन आला. संपतनं तो स्पीकरवर टाकला. ती जरा चाचरत म्हणाली, "काका, तुम्ही खरंच स्वतः बघून लिहिताय ना?"

"म्हंजे?"

"नाही, म्हणजे... तुमच्या कागदांत सकाळी सव्वासातलाच पाखरं 'वर गेली' असं आहे. रोज. शंभर-शंभर. आणि वारा 'खालचा'. खालून वर येणारा वारा, त्यावर पाखरं वर गेली, हे अगदी आम्हाला हवं तसंच आहे. मी आधी खूश झाले. पण सर म्हणतात, सव्वासातला जमीन थंडगार असते. तेव्हा हवा वर चढूच शकत नाही."

आणि तेवढ्यात तिच्या मागून एक जाड आवाज आला. फोन चालू आहे हे त्या आवाजाला माहीत नसावं. "ते गृहस्थ घरात बसून फॉर्म भरतात का विचार. आपल्याला काय आवडेल ते बघून लिहिलेलं दिसतंय."

संपतनं घाईनं फोन बंद केला, पण उशीर झाला होता. धर्माजी आत गेले, दुर्बीण मुंडाशानं पुसली, खुर्चीची घडी घातली, खटका शून्यावर आणला आणि सगळं कोनाड्यात नीट मांडून ठेवलं. परत द्यायचं सामान स्वच्छ असावं.

"अवं, पर तुमी बघितलं ना?" ठमाबाईंनी विचारलं.

"म्या बघितलं. पर म्या बघितलं म्हंजे काय झालं? गोधडीबी म्याच बघितली व्हती."

ठमाबाईंच्या हातातली परात खाली पडली. कशामुळं पडली ते त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

धर्माजींना फार लागलं होतं. गावानं थापाड्या म्हणणं आता अंगवळणी पडलं होतं. गाव आपलं, गावाला दुसरा विरंगुळा नाही. पण पुण्याच्या शिकल्यासवरल्या माणसानं, चेहराही न बघता, तेच म्हणावं? म्हणजे आपल्या तोंडालाच काही खोट असेल, असं त्यांना वाटू लागलं. दोन दिवस ते माळावर गेले नाहीत. खालचा वारा सुटला की मात्र नाक आपोआप वर व्हायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला पांढरी गाडी दारात आली. वृषाली आणि रामनाथ सर. सर उंच, चष्मेवाले, वागायला सभ्य. तोंडावर बोलायची वेळ आली की अशा माणसांचा आवाज जाड राहत नाही. ते ओटीवर बसले. धर्माजी खांबाला टेकून उभे राहिले. ठमाबाईंनी चहा आणला. आता थेट मुद्द्यावर कसं यावं हे सरांना सुचेना, म्हणून त्यांनी घरगुती चौकशी काढली. "काकू, तुमचा मुलगा फोटो फार छान काढून पाठवायचा. दोन दिवस काही आलं नाही. कुठे आहे तो?"

"संपत?" ठमाबाई म्हणाल्या. "त्यो सकाळीच वर गेला."

सरांचा कप तोंडापाशी थांबला. वृषालीनं तोंडावर हात ठेवला.

"आज सकाळी?" सर हळू आवाजात म्हणाले.

"आज सकाळीच. सातला. चांगला चहा पिऊन गेला की. म्या म्हटलं, भाकरी तरी खाऊन जा. ऐकंल तर शप्पथ."

सरांनी कप खाली ठेवला. ओटीवर कुणी रडत नव्हतं. आत फोडणीचा वास येत होता. धर्माजी खांबाला टेकून दाढीचे खुंट खाजवत होते. या माणसांचं धैर्य बघून सरांचे डोळे भरून आले. ते उठले, त्यांनी धर्माजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "काका, मला क्षमा करा. अशा प्रसंगी आम्ही यायला नको होतं. काय वय होतं हो त्याचं?"

"चाळीस," धर्माजी म्हणाले. पाहुण्यांच्या घरच्या रीती निराळ्या असतात, हात धरत असतील.

"काही आजार?"

"त्याला कशाचा आजार? चार भाकरी खातो."

"मग अचानक कसा..."

"अचानक न्हाई, पावणं. दर गुरुवारी जातो."

सर धर्माजींकडं बघत राहिले. धर्माजी सरांकडं बघत राहिले. आणि तेवढ्यात फाटकातून मोटारसायकल आत आली. मागं पंपाची मोटर बांधलेली. संपत उतरला, त्यानं पांढरी गाडी पाहिली आणि म्हणाला, "आलात व्हय? वर जुन्नरला गेलो व्हतो, जळाल्याली मोटर भरून आणाया. चहा झाला का?"

वृषालीनं सरांच्या दंडाला धरलं नसतं तर सर ओटीवरून खालीच आले असते.

"वर जुन्नरला," ती म्हणाली. मग परत म्हणाली, जरा मोठ्यानं. "वर जुन्नरला! काका, जुन्नर वर कसं?"

हा काय प्रश्न झाला? धर्माजींना वाटलं, उन्हानं पुण्याच्या पोरीला काहीतरी झालंय. त्यांनी लेकराला समजवावं तसं समजावलं. नदी तिकडून येते. घाट तिकडं आहे. म्हणजे घाटाकडं ते वर. नदी जाते ते खाली. जुन्नर वर, शिरूर खाली. सून माहेरी वर गेली, बैल बाजाराला खाली नेला. हे सांगायचं काय त्यात?

"आणि खालचा वारा?"

"खालनं येतो त्यो. उगवतीकडनं. दिवाळीच्या टायमाला सकाळचा खालचाच वारा असतो. पाखरं त्यो पाठीशी घेऊन वर जात्यात. घाटाकडं. म्या तसंच लिवलंय."

वृषाली बोटांवर मोजू लागली. पूर्वेचा वारा, पश्चिमेला निघालेली पाखरं, सव्वासातची वेळ, बांधाच्या उंचीनं. सगळं चोख. तीन आठवडे दोन शिकलेली माणसं आभाळात बघत बसली होती आणि कागदावर सरळ घाटाचा रस्ता लिहिलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"मग चढत्या हवेचं काय?" सरांनी विचारलं. आता त्यांचा आवाज अगदीच बारीक झाला होता. "दुपारी ती गोल फिरत चढताना तुम्हाला कधी दिसली नाहीत?"

"न दिसायला काय झालं? रोज दिसत्यात. अकरापास्नं दोनपतूर. शेऱ्यात बघा की. 'उफणली', 'उफणली'. टायमासकट हाय."

सरांनी वृषालीकडं पाहिलं. वृषाली जमिनीकडं बघत होती. तिनं हळूच सांगितलं की 'उफणली' हे 'उडाली' असं लिहायचं असेल, वय झालंय, हात थरथरत असेल, असं समजून तिनं कॉम्प्युटरवर ते सगळीकडं सुधारून घेतलं. सत्तावीस ठिकाणी. ज्याच्यासाठी सहा माणसं माळावर बसवली होती, तेच तिनं शुद्धलेखनापायी खोडलं होतं.

धर्माजींना हसू आलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची तरी फजिती झाली होती. त्यांनी कोनाड्यातली दुर्बीण घेतली आणि म्हणाले, "चला. साडेधा झाल्यात. उठा, सायेब."

माळावर पोचल्यावर धर्माजींनी खिशातून भूस काढून चिमटीतून सोडलं. ते तिरपं खाली गेलं. "अजून न्हाई," ते म्हणाले. दहा मिनिटांनी परत सोडलं. तेही खाली गेलं, पण रमतगमत. सरांनी पिशवीतून दोन यंत्रं काढली, धर्माजींनी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी भूस चिमटीतून सुटलं आणि खाली गेलंच नाही. मुंडाशाभोवती एक फेरी मारून वर चढलं. "आता बघा. कातळावर."

कातळावर पंधरा-वीस पाखरं आली होती. एकानं पंख मारणं थांबवलं, मग दुसऱ्यानं. आणि मग सगळीच, पंख ताणून, एकामागं एक गोल चढू लागली. खालून बघताना निळे ठिपके उन्हात लुकलुकत होते. रामनाथ सर मान मागं टाकून बघत राहिले, चष्मा घसरून पडला तरी उचलायचं त्यांना सुचलं नाही. जन्मभर आलेखांत बघितलेली गोष्ट डोक्यावर चालली होती.

"उफणली," सर म्हणाले.

"उफणली," धर्माजी म्हणाले, आणि या वेळी न चुकता खटका दाबला.

जानेवारीत अहवाल छापून आला. त्याची एक प्रत धर्माजींच्या नावानं पोस्टानं आली आणि ती फतेचंदशेठनी दुकानापुढं उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवली. त्यात 'उफणणे' हा शब्द होता, तो कसा वापरला आहे हे सांगितलं होतं, आणि खाली छापलं होतं: 'सहा निरीक्षकांपैकी सर्वांत विश्वासार्ह नोंदी श्री. धर्माजी काकडे, पिंपळवंडी यांच्या.' शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि 'विश्वासार्ह' हा शब्द दुसऱ्यांदा वाचला. कुणी हसलं नाही. धर्माजींना ती शांतता इतकी आवडली की ते चहा प्यायलाही थांबले नाहीत, तशीच ती घेऊन घरी निघाले.

पण शेठ व्यापारी माणूस. जुना माल पडून राहू देणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी मागून हाक मारली. "धर्माजी! म्हणजे ती गोधडी पण खरीच की रे! वारा तुला कळतो हे सरकारी कागदावर आलं. आम्ही उगाच चौतीस वर्षं हसलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. संपतनं ही गंमत वृषालीला कळवली, आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला. वावटळीनं इतक्या लांब वस्तू नेल्याची नोंद फार दुर्मीळ आहे म्हणे. "काका, एक कागद त्या गोधडीचाही भरून पाठवा. पुढच्या अहवालात घालू."

धर्माजींनी त्याच संध्याकाळी उरलेला एक कोरा कागद घेतला आणि ओटीवर बसले. चौतीस वर्षांनी गोधडी छापून येणार होती. ठमाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. आत जात होत्या, परत येत होत्या.

"अवं," शेवटी त्या म्हणाल्या. "ते नका लिवू."

"का?"

"छापून येतंय न्हवं ते. म्हंजे खोटं न्हाई चालायचं त्यात." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "गोधडी म्या दिली व्हती. माझा भाऊ निरगुडसरला निघाला व्हता, त्याच्या हाती. सखीचं पोर चार दिसांचं, गारठ्यात नुसतं लुगड्यात गुंडाळल्यालं. आत्याबाईंना कळलं असतं तर मला घरात घेतलं नसतं त्यांनी. मग ती वावटळ आली, आन् माझ्या तोंडातनं निघून ग्येलं. सखीलाबी म्याच सांगितलं व्हतं, बाभळीचं."

धर्माजी पेन्सिल बोटांत फिरवू लागले.

"आये जाऊन ईस वर्सं झाली," ते म्हणाले. "तवा सांगायचं व्हतंस."

"सांगणार व्हते. पर तवर गावानं नाव पाडलं व्हतं तुमचं. मला लई वाईट वाटायचं. आन् खरं सांगू का? तुमी ते सांगायचा लई झ्याक. मलाबी वाटायचं, ग्येलीच असंल उडून."

धर्माजींना राग यायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ त्याची वाटही पाहिली. चौतीस वर्षं सगळ्या गावाचं हसू त्यांनी झेललं होतं, ते या बाईच्या चुलीपाशी बसून, तिच्याच हातची भाकरी खात. पण डोळ्यांपुढं मेहुणीच्या दारातली दोरी येत होती, आणि खाली पाळण्यात झोपलेला, आता चाकणला कंपनीत लागलेला सुदर्शन. दुसरीकडं दुकानापुढची ती नवी शांतता होती. ती या एका कागदापायी जाणार होती. त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"किती वाजलं व्हतं, तू दिलीस तवा?"

"नऊ असतील."

"वारा?"

"कुठला? पडल्याला व्हता."

धर्माजींनी लिहिलं. वेळ : सकाळी नऊ. वारा : पडलेला. संख्या : एक. दिशा : खाली. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. ठमाबाई उंबरा धरून उभ्या होत्या.

"पोराला ऊब लागली का पर?" धर्माजींनी विचारलं.

"लागली की," ठमाबाई म्हणाल्या. "दोन वर्सं त्याबिगर झोपत नव्हतं."

त्यांनी शेऱ्यात तेवढंच लिहिलं, खाली सही केली आणि फोटो काढायला संपतला हाक मारली.